काचेत ठेवलेली विहीर

कमलबाईंनी पाच वर्षांच्या लेकरावर हात उचलला, असे आमच्या गावात आज जो तो सांगतो. ते खोटे आहे. बाईंनी पेल्याला मारले. पेला लेकराच्या हातात होता, इतकाच त्या लेकराचा या गोष्टीशी संबंध. मी मधल्या भिंतीशी उभा होतो, दिवसाढवळ्या उभा होतो आणि या वयातही माझी नजर शाबूत आहे. आज जे छातीठोकपणे सांगत फिरतात, त्यांच्यापैकी एकही इसम त्या वेळी त्या अंगणात हजर नव्हता.

माझा जन्म कळमनुरीच्या कोर्टात पेशकारी करण्यात गेला. न्यायाधीश येत आणि बदलून जात. साक्षी ऐकायला मी कायम. त्या अनुभवावर सांगतो, खरा साक्षीदार दर खेपेला तेच सांगतो, तेवढेच सांगतो आणि कंटाळवाणे सांगतो. खोट्याची हकीकत मात्र दर तारखेला सुधारत जाते. बाईंची हकीकत आमच्या गावाने अशीच सुधारत नेली आहे. आधी त्या नुसत्या तिरसट होत्या. मग वेड्या झाल्या. मग त्यांच्या घरचा मासा मेला की गावात कोणीतरी अंथरूण धरते, असे निघाले. आणि आता, बाई स्वतःची बाजू मांडायला उरलेल्या नाहीत तेव्हा, थोरल्या विहिरीत औषध कालवले ते त्यांनीच आणि पुढे पस्तावून तेच स्वतःही घेतले, इथपर्यंत मजल गेली आहे. बाई हृदयविकाराने गेल्या, सकाळी, अंथरुणातच. डॉक्टरांनी तसे सांगितले तेव्हा मी तिथे होतो. त्यांचे ऐकायला दुसरे कोणी थांबले नव्हते.

म्हणून हे लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्या ओट्यावर यावे. मी घरीच असतो.

आमचे गाव डोंगरकडा या मोठ्या गावाच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. हळद आणि केळी यांवर चालणारे. बाई या गावच्याच लेक. लग्नानंतर लवकरच कपाळ पांढरे झाले, माहेरी परतल्या, शाळेवर लागल्या आणि दोन पिढ्यांना पाढे शिकवून निवृत्त झाल्या. सरपंचापासून पानटपरीवाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. भावाच्या घराला लागून त्यांच्या दोन खोल्या, आणि मधली एक भिंत सोडली की माझे घर. भाऊ आधीच गेला. मागे भाचा उत्तम, त्याची बायको मीरा आणि त्यांची मुलगी आरू.

अंगाने बाई उंच आणि हडकुळ्या. चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली. आलेल्या माणसाशी त्या पाठमोऱ्या बोलत, कारण तोंड काचेकडे असे. आपण काही सांगत असलो की मध्येच त्यांचे बोट वर होई, म्हणजे थांबा. काचेपलीकडे एखादा मासा तळाचा खडा तोंडात घेऊन चघळत असे. तो खडा थुंकून झाला की बोट खाली येई, म्हणजे बोला. तहसीलदारालाही त्यांनी असे थांबवलेले मी पाहिले आहे.

ती काचेची पेटी त्यांनी कळमनुरीत फोटोंना चौकटी करणाऱ्याकडून बनवून घेतली होती. तिला त्या ‘पेटी’च म्हणत, अ‍ॅक्वेरियम म्हणणाऱ्याकडे, शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे पाहावे तसे पाहत. तळाला कयाधू नदीची धुतलेली वाळू, दोन-चार दगड, गावतळ्यातले शेवाळ. मध्ये उभी काच घालून पेटीचे दोन भाग केलेले. एका भागात मरळ: मनगटाएवढी जाड, काळपट, सापाच्या डोक्याची. ती तासन्‌तास तळाला पडून राही, आणि मग सावकाश वर येऊन तोंडाने हवेचा एक घोट घेऊन पुन्हा खाली जाई. दुसऱ्या भागात बोटाएवढे चंदेरी मासे, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. बाजारात असल्या माशांना ‘चिल्लर’ म्हणतात आणि मरळीच्या वजनावर मूठभर फुकट टाकतात. मधली काच काढली असती तर मरळीने त्यांचा एका दुपारीत फडशा पाडला असता. वरच्या फळीवर बाई वरवंटा ठेवत, कारण मरळ उडी मारते.

लाइटीचा भरवसा नाही म्हणून हवा सोडणारे यंत्र त्यांनी कधी लावले नाही. सकाळी आणि संध्याकाळी पेल्याने पेटीतले पाणी घ्यायचे, हात उंच करून बारीक धार धरायची आणि ते पुन्हा पेटीतच सोडायचे, असे बराच वेळ चाले. “पाण्याला वारा देऊन राहिले,” म्हणत. भिंतीपलीकडून तो आवाज मला रोज ऐकू येई. तांब्याचे भांडे पेटीजवळ आणू देत नसत. नळाचे पाणी मातीच्या घागरीत दोन दिवस उघडे ठेवून मगच त्यातले थोडे पेटीत घालत, कारण ग्रामपंचायत त्यात ब्लिचिंग पावडर टाकत असे. या दोन दिवसांच्या गोष्टीला पुढे महत्त्व आहे. ती ध्यानात ठेवावी.

माशांना खाऊ म्हणून डासांच्या अळ्या लागत, आणि त्या मिळवण्याची बाईंची रीत अशी की हातात चहाची गाळणी घेऊन त्या कोणाच्याही अंगणात शिरत आणि झाकण नसलेल्या रांजणात डोकावत. “पेशकार,” मला एकदा म्हणाल्या, “तुमच्या घरात माझ्या माशांचं जेवण तयार होऊन राहिलं. तुम्हाला लाज नाही, पण मासे खुश आहेत.” माझ्या रांजणावर त्या दिवसापासून झाकण आहे.

उत्तमने एकदा नांदेडहून पिशवीत तांबडेलाल मासे आणले. माणूस वाईट नव्हता, हेही मला सांगितले पाहिजे. हौसेने आणले होते.

“आत्या, हे बघा. तुमच्या पेटीत कसे शोभतील!”

बाईंनी पिशवी उजेडाला धरून पाहिली. “शोभतील. पण हे पाहुणे, उत्तम. पाहुण्याला घरातली तकलीफ कळत नाही. आरूला दे.”

“आख्खी दुनिया रंगीत मासे पाळून राहिली,” तो मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “अन् आमची आत्या नाल्यातले!”

“नाल्यातले नव्हेत. थोरल्या विहिरीतले,” बाई म्हणाल्या. “तू पितोस त्या पाण्यातले.”

मेलेली मरळ बाईंनी जिवंत केली, ही दुसरी दंतकथा. तिचाही निकाल इथेच लावतो. फळीवर वरवंटा ठेवायचा राहिला, आणि भर उन्हाच्या वेळी मरळ उडी मारून बाहेर पडली, अंगाने सरपटत मोरीच्या ओलाव्यात जाऊन निपचित राहिली. मीराने पाहिले आणि आरडाओरडा केला. निम्मे गाव गोळा झाले. बाईंनी ओल्या पंच्यात ती उचलली, पेटीत सोडली, आणि जरा वेळाने ती वर येऊन हवेचा घोट घेऊन गेली. बायांनी हात जोडले. बाई वैतागल्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना वर्गातल्यासारखे सांगितले, आणि मी ते शब्द जसेच्या तसे देतो.

“हात जोडू नका, ऐका. मरळ वरची हवा घेऊन जगते. अंग ओलं राहिलं तर बाहेरही टिकते, घाण पाण्यातही टिकते. हा लहान मासा तसा नाही. त्याला जे काही घ्यायचं ते पाण्यातूनच. पाणी बिघडलं तर आधी हा जाईल, मरळ फार मागून जाईल.”

सरपंच पुढे होते. “म्हंजे बाई, चिल्लर काही कामाचा न्हाई. ठेवायची तर मरळच ठेवावी!”

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. “तू दुसरीतही असंच करायचास,” त्या म्हणाल्या. “बस खाली.” सरपंच खरोखरच गुडघ्यात वाकल्याचे मला दिसले. हशा त्यावर अधिक झाला, आणि त्या हशात मूळ गोष्ट वाहून गेली. पुढे जे झाले त्याची सुरुवात मी त्या दुपारपासून धरतो.

आता विहिरीकडे येतो. थोरली विहीर उत्तमच्या शेताच्या बांधाला आहे. गावच्या नळाला पाणी तिचेच. मोटार लागली की टाकी भरते. आमच्याकडे पूर्वीपासून विहिरीत नदीचे मासे सोडतात. ते कोणी धरत नाही, कोणी खात नाही. उन्हाळ्यात गाळ काढायचा तेव्हा आधी मासे काढून एखाद्या घरी पाण्यात ठेवायचे. गाळ निघून पाणी साचले की आधी ते परत सोडायचे, दुसऱ्या दिवशी विहिरीत डोकावायचे, आणि मासे फिरताना दिसले तरच माणसांनी पाणी प्यायला घ्यायचे. विहिरीचे मासे सांभाळायचा मान अनेक वर्षे बाईंकडे होता. सोडून उरलेले काही त्या पेटीत ठेवत. विहिरीत काय चालले आहे ते त्यांना घरबसल्या दिसावे, म्हणून ती पेटी होती. शोभेसाठी नव्हती. हे गावाला कधी समजले नाही, की समजूनही विसरले, ते मला ठाऊक नाही.

ज्या वर्षी हे घडले, त्या वर्षीही गाळ निघाला, मासे सोडले, सगळे व्यवस्थित झाले. मग हळद लावायचे दिवस आले. ज्यांना हळदीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: लावण्याआधी हळदीचे बेणे, म्हणजे लावायचे कंद, कीड मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात. उत्तमकडे त्यासाठी निळे पिंप असत. बेणे काढून झाल्यावर पिंपात जे पाणी उरते ते कुठेतरी ओतावे लागते. विहिरीच्या वरच्या अंगाला मुरूम काढलेला एक जुना खड्डा होता.

त्यानंतर एका दुपारी जोराची सर येऊन गेली.

दोन-चार दिवसांनी माझ्या असे ध्यानात आले की भिंतीपलीकडला धारेचा आवाज थांबतच नाही. मी डोकावलो. बाई पेटीशी उभ्या, हात उंच, धार चाललेली. चंदेरी मासे सगळे वरच्या थराला गोळा झाले होते, तोंडे उघडी. एक मासा एका अंगावर कलंडे, सरळ होई, पुन्हा कलंडे. शेजारच्या भागात मरळ तळाला स्वस्थ पडून होती.

“ब्लिचिंग जास्त पडलं असेल,” मी म्हणालो.

“दोन दिवस घागरीत ठेवलेलं पाणी आहे, पेशकार. ब्लिचिंग उडून जातं.” त्यांचे बोट वर झाले. कलंडलेला मासा या खेपेला सरळ झाला नाही. बोट बराच वेळ वरच राहिले.

मग त्यांनी पायात चपला घातल्या आणि विहिरीकडे गेल्या. मी मागोमाग गेलो. पाण्याच्या कडेला, दगडांच्या खाचांत, पांढऱ्या पोटांची एक ओळ लागली होती. बेडकांचा आवाज नव्हता. मेंढरे राखणारा खंडू विहिरीलगतच्या, थेट तिच्याच पाण्याने भरणाऱ्या हौदापाशी उभा होता. त्याची जनावरे हौदात तोंड घालत आणि मागे सरत.

“काहून पिऊन न्हाई राहिले, काही उमगंना,” तो म्हणाला. “सकाळपून तहानलेले हायेत, बाई.”

“पाजू नकोस,” बाई म्हणाल्या. “हाकलून ने इथून. नदीच्या डोहावर ने.”

“डोह कुठं, मी कुठं!” खंडू हसला.

बाई वरच्या खड्ड्यापर्यंत चढून गेल्या. खड्ड्याच्या काठावर निळे पिंप आडवे पडले होते. खड्ड्यात पाणी उरले नव्हते. सगळे मुरून गेले होते.

ग्रामपंचायतीपुढे माणसे जमली तेव्हा बाईंनी एकच मागणी केली, की हे पाणी उपसून टाकावे, आणि लहान मासे विहिरीत जगेपर्यंत मोटार लावू नये. यापेक्षा एक अक्षर त्या अधिक बोलल्या नाहीत. त्यांनी उत्तमला शिव्याशाप दिले, हेही खोटे आहे. त्यांनी त्याला फक्त विचारले.

“उत्तम, पिंपातलं पाणी कुठं ओतलंस?”

“खड्ड्यात वतलं की आत्या. विहिरीत थोडंच वतलं! खड्डा वायला, विहीर वायली.”

खड्डा वेगळा आणि विहीर वेगळी, हे वाक्य त्याने सगळ्यांदेखत उच्चारले. माझ्या कोर्टात याला कबुली म्हणतात. पण त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. वर ओतलेले खाली जाते, हे त्याला ऊस आणि केळी पाजताना पुरेपूर कळत होते. फक्त या एका खड्ड्याला ते लागू आहे असे त्याला वाटत नव्हते.

सगळे विहिरीवर गेले. सरपंचांनी वाकून पाहिले. आणि नेमक्या त्याच वेळी खालून काळे डोके वर आले, हवेचा घोट घेतला आणि पाणी हलवून खाली गेले.

“मासा जिता हाय की!” सरपंच म्हणाले.

“ती मरळ आहे,” बाई म्हणाल्या. “मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“मासा हाय का न्हाई? वाडवडील काय म्हणत होते, मासा जिता दिसला की पाणी प्यायचं. मरळ मासा न्हाई का मग? चिल्लर उन्हानं मेला आसंल.”

“उन्हानं मरायचा तर आजवर का नाही मेला?”

“आता बाई, चिल्लरासाठी गाव तहानलेलं ठेवायचं व्हय?”

याला टाळ्या पडल्या नाहीत इतकेच. उत्तमने तर पुढाकार घेऊन कळमनुरीच्या बाजारातून आणखी चांगल्या ठणठणीत मरळी आणल्या, बायांनी कठड्यावर हळदकुंकू वाहिले, आणि मरळी पाण्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डोकावले. मरळी फिरत होत्या. रीत पाळली गेली होती. मोटार लागली.

मी आणि बाई शाळेमागच्या हातपंपाचे पाणी पिऊ लागलो. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि आम्ही दोघेही म्हातारे. आम्हाला घागरी नेताना पाहून लोक हसत. “पेशकार, तुमी पण बाईच्या शाळेत नाव घातलं का?” असे मला विचारले गेले. घातले, असे मी उत्तर दिले.

बाईंनी कयाधूवरच्या एका जाळेवाल्याकडून पुन्हा लहान मासे आणवले. पेटी घासून धुतली, हातपंपाच्या पाण्याने भरली. मासे रुळले. रेघेत रेघ मिळवून फिरू लागले. मग त्यातले काही त्यांनी बाजूला एका स्टीलच्या परातीत, दोन दिवस ठेवलेल्या नळाच्या पाण्यात सोडले. मी समोर होतो. दुपारचे जेवण होऊन गेले होते. पहिला मासा कलंडला तेव्हा बाईंचे बोट वर झाले. दुसरा कलंडला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि त्याच वेळी शेजारच्या अंगणातून आरूचा आवाज आला, “आई, मी माझं माझं पाणी घेतलं!”

बाई उठल्या त्या मला अजून दिसतात. त्या वयाची बाई अशी उठत नाही. मधल्या दारातून त्या उत्तमच्या अंगणात गेल्या, मी दोन्ही अंगणांमधल्या भिंतीशी गेलो. आरूने दोन्ही हातांनी काचेचा पेला धरून ओठाला लावला होता. बाईंनी उजव्या हाताच्या उलट्या फटक्याने तो पेला उडवला. तो तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन फुटला. लेकराला खरचटलेसुद्धा नाही. ते दचकले आणि रडले. मीरा धावत बाहेर आली.

“आत्याबाई! लेकराला मारता? लेकराला?”

“किती प्यायली? मीरा, आधी सांग, किती प्यायली?”

“तुमच्या माशापायी लेकरावर हात उचलता तुमी!”

“किती प्यायली गं?” बाई एवढेच विचारत राहिल्या. उत्तम आला आणि त्याने मधल्या दाराला कडी घातली.

त्याच आठवड्यात खंडूची दोन कोकरे हौदाशी लोळून मेली. काही घरांत उलट्या सुरू झाल्या, दोघा-तिघांना कळमनुरीला न्यावे लागले. ती माणसे वाचली. मोटार बंद झाली, टँकर आला. कोणी साहेब येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. त्या पाण्यात काय निघाले हे आजतागायत गावाला कळलेले नाही, आणि गावाने विचारलेलेही नाही.

कोणाला वाटेल की आता तरी लोक बाईंच्या दारात गेले असतील. कोर्टात आयुष्य काढले असल्यामुळे मला तसे वाटले नव्हते. टँकरच्या रांगेत कोणीतरी पहिल्यांदा म्हणाले, “पर बाईला आधीच कसं ठाऊक?” नुसता प्रश्न होता. संध्याकाळपर्यंत त्याचे उत्तर तयार झाले. बाई विहिरीवर गेल्या होत्या, खंडूने पाहिले होते. खंडूला पाणी पाजू नको असे म्हणाल्या होत्या. स्वतः हातपंपाचे पाणी पीत होत्या. ज्याला काही ठाऊक नाही असा माणूस असे का करील? माझ्यासमोर कैक निरपराध माणसे अशाच रीतीने आत गेली आहेत. उत्तमने हे पहिल्यांदा उच्चारले असे मी म्हणणार नाही. पण त्याने ते नाकारलेही नाही, आणि घरचा माणूस गप्प बसला की बाहेरच्यांना आणखी पुरावा लागत नाही.

“बाई, तुम्ही बोला,” मी त्यांना म्हणालो. “चावडीवर उभ्या राहा. मी येतो सोबत.”

त्या पाठमोऱ्या होत्या. धार चालू होती. “बोलून काय होईल? पाणी बदललं पाहिजे, पेशकार. खड्डा बुजवला पाहिजे. मला काय म्हणतात त्यानं पाणी चांगलं होत नाही की वाईट होत नाही.”

खड्डा बुजवला गेला नाही. पाऊस झाला, विहीर भरली, दोनदा उपसली म्हणतात. टँकर बंद झाला. विहीर पुन्हा सुरू करायचे ठरले. मासे सोडायचे होते आणि ते कोणाच्या घरी होते हे सगळ्यांना माहीत होते. बोलावणे आले नाही. मरळी बाजारातून आणल्या गेल्या.

मासे सोडायच्या सकाळी बाई स्वतःच निघाल्या. कमरेवर मातीची घागर, तिच्यात हातपंपाचे पाणी आणि पेटीतले चंदेरी मासे, हातात काचेचा पेला. कठड्यापाशी माणसे आडवी झाली. कोणी अंगाला हात लावला नाही. उत्तम समोर उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, “आत्या, विहिरीत काही टाकायचं न्हाई.”

“मासे आहेत, उत्तम. दरवर्षी सोडते.”

“लोक न्हाई म्हणून राहिले. तुमी काही टाकू नका.”

ज्या बाईने वर्षानुवर्षे त्या विहिरीचे मासे सांभाळले, तिला हे ऐकावे लागले. मी दोन शब्द सुनावले. ते इथे लिहीत नाही. बाईंनी मला हाताने थांबवले आणि कठड्यापासून जरा दूर, बाभळीच्या सावलीत घागर मांडीशी घेऊन बसल्या. पेल्याने पाणी घेऊन उंचावरून घागरीत धार सोडू लागल्या, माशांना वारा मिळावा म्हणून. मरळी सोडून समारंभ आटोपला. नारळ फुटला. मोटारीची चाचणी झाली आणि हौदाच्या नळाला पाणी आले. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची रीतही या खेपेला कोणी पाळली नाही, लोक लगेच भरून घेऊन जाऊ लागले. बाई बसूनच होत्या.

आणि मग आरू आली. ज्या लेकराला बाईंनी मारले म्हणतात, तेच लेकरू. तिच्या हातात काचेचा पेला होता, हौदाच्या नळावर भरलेला, काठोकाठ. ती तोंडाला न लावता, सांडू न देता, सगळ्या माणसांमधून चालत आली आणि बाईंपुढे उभी राहिली.

“आजी, हे पिऊ का?”

“आरू! इकडं ये!” मीराने लांबून हाक मारली. आरू हलली नाही.

बाईंनी तिला समोर बसवले. आधी स्वतःच्या पेल्यात घागरीचे पाणी घेऊन एक मासा त्यात सोडला. तो गोल फिरला आणि स्थिर झाला, काळी रेघ सरळ. “हा बघ,” म्हणाल्या. मग घागरीतून दुसरा मासा ओंजळीत घेऊन आरूच्या पेल्यात सोडला. दोन पेले शेजारी शेजारी, मातीवर. म्हातारी आणि लेकरू दोघी वाकून पाहत होत्या, डोक्याला डोके लागलेले. आजूबाजूच्या काही जणांनी भरलेल्या घागरी खाली ठेवल्या आणि लांबूनच पाहू लागले. जवळ कोणी आले नाही.

पहिल्या पेल्यातला मासा जागच्या जागी कल्ले हलवत होता. आरूच्या पेल्यातला वर आला. तोंड उघडले. मिटले. उघडले. मग हळूच एका अंगावर कलला, आणि त्याचे पोट चमकले.

बाईंनी तो ओंजळीत उचलला आणि घागरीत परत टाकला. पेला हातात घेतला. या खेपेला फटका मारला नाही. सगळ्यांना दिसेल असा तो वर धरला आणि सावकाश, जशी रोज पेटीत धरत तशी बारीक धार धरून, ते सगळे पाणी जमिनीवर ओतले. रिकामा पेला आरूच्या हातात दिला. आरू तो उलटा धरून घराकडे चालू लागली.

मागे कोणीतरी बटण दाबले, आणि गावाची टाकी भरण्यासाठी मोटार सुरू झाली.